बोटीच्या डिझेल इंजिनाचा रॉ वॉटर पंप: नाशिकमध्ये दुरुस्ती करताना

नाशिकमध्ये डिझेल इंजिन जाणणाऱ्या माणसांची वानवा नाही. द्राक्षबागेतला ट्रॅक्टर असो की विहिरीवरचा पंपसंच, तो खोलून पुन्हा जोडणारा मिस्त्री जवळपास प्रत्येक गावात सापडतो. तरीही गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर असलेल्या आमच्या छोट्या बोटीचा रॉ वॉटर पंप पहिल्यांदा बिघडला, तेव्हा तो तीन जणांच्या हातांतून गेला आणि तिन्ही वेळा महिनाभरात परत बिघडला, कारण ज्याने त्याने तो ट्रॅक्टरचा वॉटर पंप आहे असे समजूनच त्याला हात घातला होता. चौथ्या वेळी मी तो स्वतः खोलला. त्यानंतर हे काम मी अनेकदा केले आहे, आणि पहिल्या खेपेला जे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, ते सगळे येथे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवातीला हा फरक नीट समजून घ्यावा. ट्रॅक्टरचा वॉटर पंप इंजिनातले तेच ते पाणी रेडिएटरमधून फिरवतो. बोटीला रेडिएटर नसतो. तिचा रॉ वॉटर पंप धरणातले, नदीतले किंवा समुद्रातले पाणी बुडाच्या व्हॉल्व्हमधून आणि गाळणीतून ओढतो, ते उष्णता-विनिमयकातून म्हणजे हीट एक्स्चेंजरमधून पुढे ढकलतो आणि शेवटी धुराबरोबर सायलेन्सरच्या रबरी नळीवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे पंप थांबला की केवळ इंजिनच तापते असे नाही, तर धुराची रबरी नळीही भाजते.

पंपाच्या आत गनमेटलचे किंवा पितळेचे गोल घर असते, त्यात लवचिक रबराच्या पात्यांचा इम्पेलर फिरतो आणि घराच्या एका बाजूला कॅम नावाचा उंचवटा असतो. पाती कॅमवर आली की दुमडते आणि पाणी बाहेर रेटते. कॅम ओलांडला की सरळ होते आणि मागची पोकळी पाणी ओढून घेते. विहिरीवरच्या पंपात आधी पाणी भरावे लागते, तसे याला लागत नाही. हा स्वतः पाणी ओढतो. मात्र पाणी हेच त्याचे वंगण आहे. कोरडा फिरला तर रबर घासून तापते आणि अर्ध्या-एक मिनिटात पाती फाटू लागतात. पुढच्या बहुतेक सूचनांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

१. पंप खोलण्यापूर्वी दोष पंपाचाच आहे याची खात्री करा

धुराच्या नळीतून पाणी कमी येणे, धुराबरोबर वाफ दिसणे, नेहमीची गुळगुळ जाऊन कोरडा खडखडाट ऐकू येणे आणि तापमानाचा काटा चढणे ही लक्षणे दिसली की लोक थेट पंपावर तुटून पडतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धरणाचे पाणी उतरते आणि काठाला बांधलेली बोट जवळजवळ चिखलात टेकते. अशा वेळी बुडाचे तोंड गाळाने भरलेले असण्याची शक्यता अधिक असते. पावसाळ्यात गढूळ पाण्याबरोबर काटक्या, पाणवनस्पती आणि प्लास्टिकचे तुकडे गाळणीत येतात. म्हणून आधी गाळणी उघडून साफ करावी आणि तिच्या झाकणाची रबरी कडी तपासावी. ही कडी कोरडी पडलेली किंवा चिरलेली असेल, तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि बाहेर पाण्याचा एक थेंबही गळत नसल्यामुळे हा दोष सहज लक्षात येत नाही.

यानंतर बादलीची चाचणी करावी. बुडाचा व्हॉल्व्ह बंद करून पंपाकडे जाणारी नळी गाळणीपासून सोडवावी, तिचे टोक स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवावे आणि इंजिन मंद गतीवर थोडा वेळ चालवावे. बादली भराभर रिकामी झाली, तर पंप ठीक आहे आणि दोष गाळणीच्या किंवा व्हॉल्व्हच्या बाजूला आहे. आमच्या इंजिनाला मंद गतीवर दहा लिटरची बादली रिकामी करायला साधारण एक मिनिट लागते. तुमचा आकडा वेगळा असेल. पंप चांगल्या अवस्थेत असतानाच तो मोजून इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. बादली रिकामी होण्यापूर्वी इंजिन बंद करण्यासाठी दुसरा माणूस जवळ असावा.

२. ठिबकणाऱ्या छिद्राकडे पाहा

पंपाच्या अंगावर, पाण्याचे घर आणि बेअरिंग यांच्या मधल्या गळ्याला, खालच्या बाजूला एक छोटे छिद्र किंवा खाच असते. आत शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, दोन सील असतात: एक पाणी अडवणारे आणि दुसरे, पंप इंजिनाच्या गीअरवर बसलेला असेल तर, इंजिनाचे ऑइल अडवणारे. त्या दोघांमधली मोकळी जागा या छिद्राने बाहेर उघडी ठेवलेली असते. तेथून पाणी ठिबकत असेल तर पाण्याचे सील गेले आहे, आणि ऑइल येत असेल तर ऑइलचे. दोन्ही येत असेल तर शाफ्टच तपासावा लागणार हे गृहीत धरावे.

आमच्या पंपाच्या दुसऱ्या दुरुस्तीत हे छिद्र मिस्त्रींनी लांबी (पुट्टी) भरून बुजवून टाकले होते. गळती खरोखरच थांबली आणि मी समाधानाने पैसे देऊन आलो. दहा दिवसांनी ऑइलची कांडी बाहेर काढली, तेव्हा तिच्यावर दुधाळ चहासारखा थर होता. बाहेर जायला वाट न उरलेले पाणी ऑइलच्या सीलवरून इंजिनात उतरले होते. छिद्र कोणत्याही परिस्थितीत बुजवू नये. उलट आठवड्यातून एकदा बारीक तारेने मोकळे करावे. कांडीवर असा थर दिसला, तर ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

३. साहित्य आणि माहिती जमवा

- इंजिनाची पुस्तिका, तसेच पंपाच्या पाटीवरचा क्रमांक आणि इम्पेलरच्या बुडख्यावरचा (मधल्या जाड भागावरचा) क्रमांक, यांचे स्वच्छ फोटो.
- नवा इम्पेलर, झाकणाचे पॅकिंग आणि झाकणाचे दोन-तीन जादा स्क्रू.
- दोन्ही सील, बेअरिंग आणि लागल्यास सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी, खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी).
- सर्क्लिपची पक्कड, होज क्लिपसाठी स्क्रू ड्रायव्हर, पान्हे, पुली काढायचा पुलर, पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोसा, व्हाइस.
- व्हर्निअर कॅलिपर, ४०० आणि ६०० नंबरचा पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर, काचेचा सपाट तुकडा.
- ग्लिसरीन किंवा भांडी धुण्याचा द्रव साबण.

यातला इम्पेलर नाशिकमध्ये मिळेल या भरवशावर राहू नये. तो मुंबईहून मागवावा लागतो. पंपाचे सुटे भाग शोधायचे असतील तर नागदेवी स्ट्रीटचा बाजार पालथा घालण्याची तयारी ठेवावी. बेअरिंग आणि सील यांचे मात्र उलट आहे. ती प्रमाणित मापांची असतात आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे आपल्या शहरात सहज मिळतात. ६२०३ असा आकडा बेअरिंगवर असेल, तर आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिलिमीटर, हे जगभर सारखेच असते; त्यासाठी इंजिन कंपनीच्या डबीतलेच बेअरिंग हवे असे नाही. सीलच्या बाबतीत मात्र दुकानदाराला मापाबरोबर आणखी एक गोष्ट सांगावी लागते: पाण्याच्या बाजूच्या सीलची स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची हवी. साध्या ऑइल सीलची स्प्रिंग पाण्यात गंजते आणि सीलचे ओठ शाफ्टला धरून ठेवीनासे होतात. आमच्या पहिल्या दुरुस्तीतले सील असेच गेले होते. बाहेर काढले तेव्हा स्प्रिंगच्या जागी तांबूस भुकटी होती.

४. बोटीवर सुरुवात किल्लीपासून करा

बुडाचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि इंजिनाची किल्ली काढून त्याच व्हॉल्व्हच्या मुठीला अडकवावी. ही सवय दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते: काम चालू असताना कोणी इंजिन सुरू करू शकत नाही, आणि काम झाल्यावर व्हॉल्व्ह उघडायचा राहून जात नाही. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर झाकण काढताच बोटीत पाणी येऊ लागते. इंजिन पुरते गार झाल्याशिवाय नळ्यांना हात लावू नये.

पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाचा पट्टा सैल करून काढावा. पंप जागेवरच ठेवून झाकण उघडता येत असेल तर फक्त इम्पेलरसाठी तो उतरवण्याची गरज नाही. सील आणि बेअरिंगसाठी मात्र तो टेबलावर आणावाच लागतो. नळ्या सोडवण्यापूर्वी आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा खुणा रंगाने करून ठेवाव्यात. पंपाखाली जुना पांढरा पंचा अंथरावा, कारण झाकणाचे पितळी स्क्रू इतके लहान असतात की एकदा इंजिनाखालच्या खोलगट जागेत पडले की सापडत नाहीत.

५. इम्पेलर काढा आणि पाती मोजा

झाकण काढताच इम्पेलर दिसतो. पात्या कोणत्या दिशेने वाकल्या आहेत याचा फोटो घ्यावा. इम्पेलर ओढायला पुलर मिळाला तर उत्तम, नाहीतर रुंद तोंडाच्या पक्कडीने बुडखा धरून हळूहळू डोलवत ओढावा. दोन स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याची पद्धत सर्रास वापरली जाते, पण त्यात घराच्या कडेला पडलेला एक खोल ओरखडा पुढे कायम गळत राहतो. तेच करावे लागले, तर खाली जाड कापड किंवा पातळ लाकडी पट्टी ठेवावी. काही पंपांत इम्पेलर स्क्रूने किंवा सर्क्लिपने अडकवलेला असतो. ओढून येत नसेल, तर जोर वाढवण्यापूर्वी टॉर्चने आत पाहावे.

पात्या वाकवून मुळाशी बारीक चिरा पाहाव्यात. चीर दिसली की इम्पेलर गेला असे समजावे, मग बाकीच्या पात्या कितीही धडधाकट असोत.

एखादी पाती तुटून नाहीशी झालेली असेल, तर दुरुस्तीचे खरे काम येथेच सुरू होते. तुटलेला तुकडा पाण्याबरोबर पुढे जातो आणि बाहेर जाणाऱ्या नळीच्या वळणात, गीअरबॉक्सच्या ऑइल कूलरच्या तोंडाशी किंवा हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांसमोर अडकतो. मी स्वतः पहिल्यांदा इम्पेलर बदलला, तेव्हा दोन पात्या कमी होत्या आणि त्या धुरावाटे बाहेर गेल्या असतील असे मानून मी पुढे गेलो. इंजिन मंद गतीवर ठीक चालायचे, वेग वाढवला की तापायचे. शेवटी हीट एक्स्चेंजरचे टोकाचे झाकण काढले, तेव्हा दोन्ही पात्या नळ्यांच्या तोंडावर पानासारख्या चिकटून बसलेल्या सापडल्या. तुकडे टेबलावर जुन्या इम्पेलरशेजारी मांडावेत आणि सगळे जुळेपर्यंत शोध थांबवू नये. नळीतून उलट दिशेने पाणी सोडल्यास ते बहुधा बाहेर येतात.

६. झाकण आणि घर तपासा

पात्यांच्या कडा झाकणावर फिरतात आणि गढूळ पाण्यातल्या रेतीमुळे त्यावर गोल चर पडतात. नख अडकेल इतका चर असेल, तर पंपाची ओढ कमी होते. काचेवर ४०० नंबरचा ओला पेपर ठेवून झाकण इंग्रजी आठच्या आकारात फिरवत घासावे, शेवटी ६०० नंबर वापरावा. झाकणाची बाहेरची बाजू सपाट आणि अक्षरे न कोरलेली असेल, तर झाकण उलटे करून बसवणे हा त्याहून सोपा उपाय आहे. घराच्या आतली भिंत आणि कॅम फार झिजले असतील, तर नवा इम्पेलर घालूनही उपयोग होत नाही. कॅम बहुतेक पंपांत एका स्क्रूवर असतो आणि वेगळा बदलता येतो.

७. शाफ्ट, सील आणि बेअरिंग

या टप्प्यावर घाई करू नये. पुली पुलरनेच काढावी. हातोडीने ठोकल्यास शाफ्ट वाकतो. मग बेअरिंगच्या बाहेरची सर्क्लिप काढून, इम्पेलरच्या टोकाकडून पितळी ठोशाने शाफ्ट हलकेच ठोकत पुलीच्या बाजूने बाहेर काढावा. शाफ्टवर दोन्ही सीलच्या मध्ये एक पातळ रबरी कडी असते, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पाण्याच्या सीलमधून निसटलेला थेंब बेअरिंगकडे सरकू न देता तो छिद्राकडे फेकणे, हे तिचे काम. आमच्या पंपाच्या तिसऱ्या दुरुस्तीत ती परत बसवलीच गेली नव्हती आणि नवे बेअरिंग महिनाभरात खरखरू लागले.

शाफ्ट पुसून, सीलचे ओठ जेथे टेकतात तेथे नख लांबीच्या दिशेने फिरवावे. नख अडकले, तर तेथे खाच पडली आहे आणि कितीही भारी सील घातले तरी पाणी येणारच. नवा शाफ्ट मिळाला तर प्रश्नच मिटतो. न मिळाल्यास सातपूरला लेथवर तसाच शाफ्ट बनवून घेता येतो, पण ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील वापरायला स्पष्ट सांगावे, आणि सीलच्या जागी पॉलिश करायला सांगावे. टर्निंगच्या बारीक रेषा तशाच राहिल्या तर त्या कानशीप्रमाणे रबर खातात. जुना शाफ्ट नमुना म्हणून सोबत द्यावा, तोंडी मापांवर काम सोडू नये.

सील बसवताना दिशा चुकण्याचे प्रमाण मोठे आहे. नियम सोपा आहे: ज्या द्रवाला अडवायचे, त्याच्याकडे सीलची स्प्रिंग असलेली उघडी बाजू. म्हणजे पाण्याच्या सीलची स्प्रिंग इम्पेलरकडे आणि ऑइलच्या सीलची स्प्रिंग इंजिनाकडे. दोन्ही सील एकमेकांकडे पाठ करून बसतात. बाहेरच्या व्यासाएवढ्या सॉकेटने सील सरळ दाबावे. शाफ्ट सीलमधून घालण्यापूर्वी त्याच्यावरची चावीची (पुली घट्ट धरणाऱ्या लहान पट्टीची) खाच आणि आटे यांच्यावर पातळ चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर त्यांची धार सीलचे ओठ कापते आणि हे कापलेले डोळ्यांना दिसतही नाही. काही पंपांत रबरी ओठाऐवजी कार्बन आणि सिरॅमिक यांचे दोन चकचकीत पृष्ठभाग एकमेकांवर फिरतात. त्यांना उघड्या बोटांनी स्पर्श करू नये.

बेअरिंग शाफ्टवर चढवताना जोर आतल्या कड्यावर द्यावा आणि घरात बसवताना बाहेरच्या कड्यावर. जोर चुकीच्या कड्यावर पडला की गोळ्यांचे डाग आतल्या मार्गावर उमटतात आणि बेअरिंग नवे असतानाच आवाज करते. मी शाफ्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतो आणि रिकामे घर उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून कोरडे पुसतो. (स्वयंपाकघरातले पातेले यासाठी वापरू नये, आमच्याकडे त्या पातेल्याची अजून आठवण काढली जाते.) त्यानंतर फारसे ठोकावे लागत नाही.

८. जोडणी

इम्पेलरला आणि घराला ग्लिसरीन किंवा द्रव साबण लावावा. ट्रॅक्टरचे ग्रीस लावू नये, कारण बहुतेक इम्पेलर निओप्रिनचे असतात आणि खनिज तेलाने निओप्रिन फुगते. पात्या आवळपट्टीने एकत्र बांधून इम्पेलर फिरण्याच्या दिशेने पिळत आत सरकवावा; पाती फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेली दिसली पाहिजे. पट्टी आपोआप बाहेर सरकते, तिचा तुकडा आत राहू देऊ नये.

पॅकिंगची जाडी जुन्याइतकीच ठेवावी. बऱ्याच पंपांत ती पाव मिलिमीटरच्या आसपास असते. जाड कागद घातला, तर पात्या आणि झाकण यांच्यात फट राहून ओढ कमी होते. फार पातळ घातला, तर इम्पेलर झाकणाला घट्ट घासतो. सिलिकॉनची नळी पिळून हे काम उरकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण आत दबलेला सिलिकॉनचा धागा सुटून तोही हीट एक्स्चेंजरमध्येच जाऊन बसतो. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीने आणि हाताच्या जोरानेच आवळावेत.

पट्टा चढवल्यावर दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहावा. १० ते १२ मिलिमीटर दबला की पुरे. पट्टा तारेसारखा ताणला, तर नव्या बेअरिंगचे आयुष्य कमी होते.

९. चाचणी

व्हॉल्व्ह उघडून मगच त्याच्यावरची किल्ली उचलावी. गाळणी पाण्याने भरून झाकण घट्ट करावे. इंजिन सुरू केल्यावर एकाने धुराच्या तोंडाशी उभे राहावे. अर्ध्या मिनिटात पाणी दिसले नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. "येईल आता" म्हणून वाट पाहण्यात नवा इम्पेलर जातो. इंजिन काही कारणाने सुरूच होत नसेल आणि स्टार्टर पुन्हा पुन्हा मारावा लागत असेल, तर बुडाचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा. धूर नसल्यामुळे पंपाने ओढलेले पाणी बाहेर फेकले जात नाही, सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरते. इंजिन सुरू झाले की लगेच व्हॉल्व्ह उघडायचा आहे, म्हणून त्याच्याजवळ माणूस बसवावा.

तासभर चालवल्यानंतर ठिबकणाऱ्या छिद्राखाली कोरडा कागद ठेवून पाहावे, झाकणाचे स्क्रू आणि पट्टा पुन्हा तपासावेत, आणि बादलीचा नवा आकडा जुन्याखाली तारखेसह लिहावा.

बोट दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर इम्पेलर काढून डबीत ठेवणे चांगले, कारण कॅमखाली दबून राहिलेल्या पात्या तशाच वाकड्या होतात. आम्ही पाणी फार उतरले की तसेच करतो. मात्र त्या दिवशी किल्लीला जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो: "पंपात इम्पेलर नाही."